आजाराचं नाव कळेपर्यंत घरच्यांनी काय करायचं, यावर पण लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात आरोग्यावर भरपूर येतं, शुगर कशी आटोक्यात ठेवायची, हार्ट अटॅकची लक्षणं काय, उन्हाळ्यात काय खावं, मी सगळं वाचते आणि कात्रणं पण काढून ठेवते. पण घरातलं वयस्कर माणूस आजारी आहे हे डोळ्यांना दिसतंय आणि आजार कोणता ते डॉक्टरांनाही अजून सांगता येत नाहीये, त्या मधल्या काळात घरच्यांनी काय करायचं यावर माझ्या तरी वाचनात काही आलं नाही. हा मधला काळ चार-आठ दिवसांचा नसतो हो, महिनोन्‌महिने चालतो. आमच्याकडे तो गेल्या वर्षापासून चालू आहे म्हणून लिहायला बसले.

माझी मावशी पंचवटीत हिरावाडीला राहते, मी इंदिरानगरला. ती बहात्तरची आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, सगळी नोकरी पेठ दिंडोरीकडच्या गावांमधे गेली. काका आता नाहीत, मुलगा बंगलोरला, त्यामुळे इथे जवळचं माणूस म्हणजे मीच. आधी बारीकसारीक गोष्टी सुरू झाल्या. पाय घासत चालायची, आवाज खाली गेला, फोनवर दर वाक्याला काय म्हणालीस असं विचारावं लागायचं, ब्लाउजचे हुक लावायला वेळ लागायला लागला, चेहरा असा झाला की एका लग्नात लोकं मला बाजूला घेऊन विचारत होते मावशी कोणावर रागावलीये का. मग हात थरथरायला लागले आणि एकदा बाथरूममधे तोल गेला, नशिबाने हाड मोडलं नाही.

एका डॉक्टरांनी वय झालं म्हणून सांगितलं, दुसरे म्हणाले काका गेल्यापासून मनाला लागलंय डिप्रेशन असेल, तिसऱ्यांनी बघितल्या बघितल्या कंपवात सांगितला. नात्यातल्या कोणी त्र्यंबकला जाऊन शांती करा म्हटलं, शेजारच्यांनी खाजकुहिलीच्या बियांची पावडर आणून दिली. प्रत्येकाने काळजीपोटीच सांगितलं पण मावशी बिचारी दर वेळी नव्या आजाराचं नाव घेऊन झोपायची आणि सकाळी त्याच भीतीने उठायची.

शेवटी न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. त्या मॅडमनी पहिल्यांदाच स्पष्ट सांगितलं की लक्षणं पार्किन्सन्ससारखी, म्हणजे कंपवातासारखी आहेत पण पार्किन्सन्सच आहे असं मी आज लिहिणार नाही. आधी मला ते ऐकून धस्सच झालं, एवढं करून इथेही नक्की काही नाहीच का असं वाटलं. नंतर समजलं की शुगरसारखी एक रक्ताची टेस्ट केली, आकडा आला आणि निदान झालं असं या आजारात नसतं. एमआरआय पण बऱ्याचदा नॉर्मल येतो, तो काढतात तो दुसरं काही नाही ना हे बघायला, म्हणजे छोटे स्ट्रोक, मेंदूत साठलेलं पाणी, गाठ वगैरे. बी १२ आणि थायरॉईड तपासतात ते पण त्यासाठीच. मुख्य निदान डॉक्टरांच्या नजरेवर आणि हातावर असतं. मॅडमनी मावशीला अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर भराभर आपटायला लावली, मूठ उघडझाप करायला लावली, बाहेरच्या पॅसेजमधे चालायला लावलं आणि वळताना किती पावलं पडतात ते बघितलं, मागे उभं राहून खांद्याला हलकेच ओढून तोल जातो का ते पाहिलं, कागदावर गोल गोल चकली काढायला सांगितली. हे सगळं त्यांनी निवांत केलं, आणि मावशी शिक्षिका होती हे कळल्यावर तिला बाई म्हणायला लागल्या, तेव्हा मावशीचा चेहरा कित्येक दिवसांनी मोकळा झाला.

मग त्यांनी विचारलं गोळ्या कोणकोणत्या चालू आहेत. मावशी म्हणाली बीपीची आणि थायरॉईडची. मी घरून येताना तिच्या कपाटातली गोळ्यांची अख्खी पिशवीच उचलून आणली होती ती टेबलावर ओतली. त्यात ॲसिडिटीची कॅप्सूल निघाली, पॅन्टोप्राझोल आणि बरोबर लेव्होसल्पिराइड, आणि चक्कर येते म्हणून कधीतरी दिलेली फ्लुनारिझिन. मॅडमनी त्या दोन पट्ट्या बाजूला काढल्या आणि म्हणाल्या या किती दिवसांपासून घेताय. दोन्ही सुरुवातीला थोड्या दिवसांपुरत्या लिहून दिल्या होत्या पण बरं वाटतं म्हणून मावशी जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून आणत राहिली आणि मेडिकलवाला देत राहिला, असं करत वर्षाच्या वर झालं.

हे मी मुद्दाम सविस्तर लिहितेय कारण आपल्याकडे घरोघरी हे आहे. मेंदूत डोपामाइन नावाचं रसायन असतं, हालचाली सुरळीत होतात त्या त्याच्यामुळे. पार्किन्सन्समधे ते तयार करणाऱ्या पेशी कमी कमी होत जातात. लेव्होसल्पिराइड, फ्लुनारिझिन, सिनारिझिन, उलटीवरची मेटोक्लोप्रामाइड, मानसिक आजारावरच्या काही गोळ्या, या त्याच डोपामाइनचं काम अडवू शकतात, आणि वयस्कर माणसाने खूप दिवस घेतल्या तर हातापायाला कंप, ताठरपणा, मंदपणा असं सगळं हुबेहूब पार्किन्सन्ससारखं दिसायला लागतं. या गोळ्या वाईट नाहीत, गरजेला थोडे दिवस डॉक्टर देतात ते विचार करूनच देतात. पण ॲसिडिटीची गोळी म्हणजे काय ती साधीच असं धरून आपण ती औषधात मोजतच नाही, डॉक्टरांनी विचारलं तरी सांगत नाही. कृपा करून हे वाचून कोणी कुठलीही गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नका, पट्ट्या घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यांना विचारूनच काय ते करा.

आमच्या गोळ्या मॅडमच्या सांगण्याप्रमाणे बंद झाल्या. आता थांबायचं, त्या म्हणाल्या. परिणाम उतरायला काही आठवडे लागतात, कधी कधी बरेच महिने, काहींचा पूर्ण जात नाही. आणि काही जणांच्यात पार्किन्सन्स आधीपासून आत लपलेला असतो तो अशा गोळ्यांमुळे लवकर वर येतो. म्हणजे गोळ्या सापडल्या तरी प्रश्न सुटला असं नाही.

इथे मावशीच्या जपाच्या वहीचा फार उपयोग झाला. ती रोज रात्री झोपण्याआधी रामनाम लिहिते, आणि शाळेची सवय म्हणून प्रत्येक पानावर वर तारीख टाकते. मी दोन-तीन वर्षांच्या वह्या सोबत नेल्या होत्या. जुन्या वहीत अक्षर फळ्यावर लिहिल्यासारखं टपोरं, ओळ सरळ. नंतरच्या पानांवर ओळीच्या सुरुवातीचा श्री मोठा आणि शेवटच्या राम पर्यंत येईतो अक्षर मुंगीएवढं, काना मात्रा एकमेकांत घुसलेले, ओळ वर चढत गेलेली. अक्षर असं बारीक होत जाणं हे या आजारातलं ओळखीचं लक्षण आहे म्हणे. मॅडम वह्या बराच वेळ चाळत बसल्या, मग मेडिकलची बिलं मागितली आणि तारखा लावून बघितल्या, तर ॲसिडिटीची कॅप्सूल सुरू झाल्यावर काही महिन्यांनी अक्षर आकसायला लागलेलं दिसलं. त्या म्हणाल्या यावरून सगळं सिद्ध होत नाही पण मला विचार करायला हे खूप आहे. प्रत्येकाकडे जपाची वही नसेल पण दुधाचा हिशोब असतो, बँकेच्या सह्या असतात, जुने व्हिडिओ असतात. खुर्चीतून उठताना, दारातून वळताना, चहाचा कप उचलताना मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा, कारण दवाखान्यात गेल्यावर म्हातारी माणसं जोर लावून नीट चालून दाखवतात आणि घरी आल्यावर परत तेच.

आत्ता परिस्थिती अशी आहे की आवाज बऱ्यापैकी परत आलाय, डाव्या हाताचा कंप गेल्यात जमा आहे, चेहऱ्यावर हसू दिसतं. पण उजवा हात मंदच आहे आणि चालताना तो झुलत नाही, अंगाला धरल्यासारखा राहतो. गोळ्यांमुळे झालेलं बरेचदा दोन्हीकडे सारखं असतं आणि पार्किन्सन्स सहसा एका बाजूने सुरू होतो, म्हणून मॅडमचं त्या हाताकडे लक्ष आहे. मागच्या वेळी त्यांनी वास येतो का विचारलं, तेव्हा मावशी म्हणाली फोडणी करपली तरी कळत नाही, पण त्याला फार दिवस झाले, त्यात काय सांगायचं. वास कमी होणं, बद्धकोष्ठता, झोपेत हातपाय झाडणं ही लक्षणं पार्किन्सन्सच्या कित्येक वर्षं आधीपासून असू शकतात, आणि नुसत्या वयामुळे पण असू शकतात. मुंबईला जाऊन एक वेगळा स्कॅन करता येतो, त्यात डोपामाइनच्या पेशींचं काम दिसतं, मावसभाऊ म्हणत होता उद्याच करू. मॅडम म्हणाल्या आज त्याने माझी ट्रीटमेंट बदलणार नाही, थोडं थांबलात तरी नुकसान नाही. मग थांबलोय. लेव्होडोपाची गोळी देऊन फरक पडतो का बघणं हा पण एक मार्ग आहे, तो पुढचा.

खाजकुहिलीचं पण इथेच सांगते. तिच्या बियांमधे खरोखरच लेव्होडोपा असतो, पार्किन्सन्सवर जे मुख्य औषध देतात तेच. म्हणूनच ती शेजारची पावडर म्हणून परस्पर सुरू करायची गोष्ट नाही, किती पोटात जातंय ते कळत नाही आणि पुढे डॉक्टरांनी गोळी दिली तर दोन्ही मिळून डोस वाढतो. आयुर्वेदाचं घ्यायचं तर वैद्यांना नीट दाखवून घ्या आणि इकडच्या डॉक्टरांनाही सांगा. चूर्ण, काढा, डोळ्याचे ड्रॉप, गुडघ्यासाठी घेतलेली पेनकिलर, सगळं पिशवीत असू द्या.

आता खरं मनातलं. या सगळ्यात सगळ्यात जास्त हाल कशाचे होत असतील तर त्या माणसाच्या मनाचे. किती ठिकाणी डॉक्टर आणि स्टाफ मावशी समोर बसलेली असताना माझ्याकडे बघून विचारायचे, यांना काय होतंय, या जेवतात का, यांना झोप येते का. अहो चाळीस चाळीस पोरांचे वर्ग सांभाळलेली बाई आहे ती, तिचा आवाज खाली गेलाय, बुद्धी नाही. चेहरा हलत नाही म्हणजे समजत नाही असं लोक धरून चालतात. मी आता दर वेळी म्हणते, मावशी तू सांग, आणि तिला वाक्य जुळवायला जेवढा वेळ लागतो तेवढा मी गप्प बसते. समोरच्याला घाई असली तरी बसते.

मावसभावाचं म्हणणं होतं पार्किन्सन्सचा शब्द तिच्यापुढे काढायचाच नाही, काळजीनेच अर्धी होईल. तो लांब आहे, त्याचा जीव तुटतो, त्याचं मी समजू शकते, पण मला ते कधीच पटलं नाही. मावशीने स्वतःच विषय काढला. म्हणाली, अगं तुम्ही स्वयंपाकघरात जाऊन हळू बोलता ना, त्याची मला जास्त भीती वाटते, जे असेल ते आधी मला सांग मग बंगलोरला. तेव्हापासून रिपोर्ट पहिला तिच्या हातात जातो. डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी ती स्वतः कागदावर प्रश्न लिहिते. एकदाचे प्रश्न मी बघितले तर असे होते की मी एकटी राहू शकते का, पोळ्या लाटल्या तर हाताला त्रास होईल का, रामकुंडावर पायऱ्या उतरू का, बंगलोरला ट्रेनने जाऊ का. आणि मला तेव्हा जाणवलं की यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर द्यायला आजाराचं नाव लागत नाही. मॅडमनी पण तिथल्या तिथे उत्तरं दिली. एकटं राहा पण बाथरूमला आतून कडी नको, पोळ्या जरूर लाटा, घाटाच्या पायऱ्या कोणाचा तरी हात धरूनच, शेवाळ असतं. आम्ही नाव कळायची वाट बघत किती गोष्टी थांबवून ठेवल्या असत्या.

म्हणून घरात करायचं ते करून टाकलं. बाथरूम आणि संडासात भिंतीला दांड्या बसवल्या, घसरणार नाही अशी मॅट, रात्रीचा छोटा दिवा, हात टेकायला दांडे असलेली खुर्ची, मागून पट्टा असलेल्या चपला, हॉलमधली सतरंजी गुंडाळून माळ्यावर. फिजिओथेरपिस्टने सांगितलं की ठेक्यावर चाललं की पाऊल मोठं पडतं, मनात आकडे मोजा. मावशीने स्वतःच त्याचे पाढे केले. संध्याकाळी कॉलनीच्या बागेत आम्ही दोघी मोठ्याने बे एके बे म्हणत चालतो, आवाजाचा पण व्यायाम होतो, आता बागेतली एक दोन पोरं पण मागे मागे म्हणत येतात आणि मावशी त्यांना सव्वीसचा पाढा विचारते.

एक गोष्ट मात्र वाचकांनी नीट लक्षात ठेवावी. थांबून बघू हे फक्त हळूहळू आलेल्या लक्षणांसाठी. अचानक तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं तर तो स्ट्रोक असू शकतो, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेव्हा लगेच १०८ ला फोन करा नाहीतर रिक्षा पकडा पण निघा. एक-दोन दिवसांत माणूस एकदम असंबद्ध बोलायला लागलं, ओळखेना, तर लघवीचं इन्फेक्शन, सोडियम कमी होणं, शुगर खाली जाणं असं काहीही असू शकतं आणि ते वेळेत बरं होऊ शकतं. पडल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी डोकं दुखायला लागलं किंवा गुंगी यायला लागली तर मेंदूवर हळूहळू रक्त साठलेलं असू शकतं. अशा वेळी आधीच्याच आजाराने होत असेल असं म्हणून घरी बसू नका.

आता शहरातल्या जबाबदार लोकांना विनंती. राष्ट्रीय ज्येष्ठ आरोग्य कार्यक्रम २०१० पासून आहे, त्यात जिल्हा रुग्णालयात ज्येष्ठांसाठी वेगळी ओपीडी धरलेली आहे. आपल्या सिव्हिलमधे ती कोणत्या वारी, कोणत्या खोलीत हे तुमच्या पेपरात दर महिन्याला छापा ना, आणि तिथे एक फार्मासिस्ट बसवून नुसत्या गोळ्या तपासून द्यायची सोय करा. ७० वर्षांच्या पुढच्या सगळ्यांना आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात हे चांगलंच आहे, पण ते ॲडमिट झाल्यावर. ज्याचं निदानच व्हायचंय त्याला कोणी ॲडमिट करत नाही, त्याचा सगळा खर्च तपासणी फी, एमआरआय, रक्ताच्या टेस्ट, फिजिओ आणि रिक्षाचा, आणि तो खिशातूनच जातो, पेन्शन नसलेल्यांनी काय करायचं याचा विचार सरकारने करावा. आरोग्य विद्यापीठ आपल्या नाशकातच आहे म्हसरूळला, फार्मसीची कॉलेजं पण किती आहेत. प्रत्येक ज्येष्ठ नागरिक संघाच्या महिन्याच्या मीटिंगला एकदा सगळ्यांनी आपापली गोळ्यांची पिशवी घेऊन यायचं आणि जाणकाराने बघायची, एवढा कार्यक्रम कोणी मनावर घेतला तर खर्च काहीच नाही. डॉक्टरांना विनंती, गोळी किती दिवस घ्यायची ते मराठीत मोठ्या अक्षरात लिहा. मेडिकलवाल्यांना विनंती, जुनी चिठ्ठी दिसली की एकदा विचारा, आजी परत दाखवून आलात का.

आणि रस्ते. पंचवटीतून गंगापूर रोडला जायचं म्हणजे सिंहस्थाच्या कामांमुळे इथे खोदलंय तिथे वळवलंय, आणि ज्याचं पाऊल आधीच उचलत नाही त्याला फुटपाथवर चढायलाच जागा नाही. कामं व्हायला हवीतच पण दवाखान्यांसमोर तरी रिक्षा थांबायला जागा ठेवा.

ज्यांच्या घरी असंच काही चालू आहे त्यांच्यासाठी, ज्येष्ठांची सरकारी हेल्पलाइन १४५६७ आहे, आणि काळजी घेणाऱ्याचंच मन थकलं तर टेलिमानसचा नंबर १४४१६. दोन्ही फुकट आहेत. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, निदान नक्की झालेल्यांना त्यांचा आधार मोठा वाटतो. आमच्यासारख्या अधांतरी असलेल्यांसाठी नाशिकमधे कोणी एकत्र येणार असेल तर मी आणि मावशी दोघी यायला तयार आहोत, मावशीने तसं लिहायला सांगितलंय.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे. जागा नसेल तर आमच्या घरचं काढून टाका, पण गोळ्यांच्या पट्ट्यांचा आणि अचानक येणाऱ्या लक्षणांचा भाग तेवढा कापू नका ही विनंती.

आपली नम्र,
एक वाचक भाची
इंदिरानगर, नाशिक